उपग्रहचित्रात चक्रीवादळाचं केंद्र कसं शोधावं

अरबी समुद्रात वादळ तयार होऊ लागलं की पुण्यातल्या ग्रुपांवर रंगीत उपग्रहचित्रं फिरू लागतात, आणि त्यातला सर्वांत लाल डाग म्हणजेच केंद्र, असं कुणीतरी ठोकून देतं. हा सल्ला साफ चुकीचा आहे.

चित्रं हवामान विभागाच्या किंवा इस्रोच्या मोसडॅक या उपग्रह-माहिती केंद्राच्या संकेतस्थळावरून घ्या. इन्सॅट-3डीआर हा हवामान उपग्रह दर अर्ध्या तासाला चित्र देतो. वेळ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ असते; भारतीय वेळेसाठी साडेपाच तास मिळवा.

आता केंद्र. लाल रंग दाखवतो सर्वांत थंड, म्हणजे सर्वांत उंच ढगमाथे. तापमान उणे 70 अंश किंवा त्याहून खाली. जूनच्या सुमारास अरबी समुद्रावर वरच्या थरात पूर्वेकडून जोराचे वारे वाहतात आणि हे माथे पश्चिमेला ढकलतात. खालचा भोवरा मात्र पूर्वेला, आपल्या किनाऱ्याच्या बाजूला, उघडा पडतो. डागापासून अंतर मोजलंत तर वादळ आहे त्यापेक्षा लांब वाटेल, आणि ही चूक महागात पडते.

म्हणून एका चित्रावर कधीच विसंबू नका. तीन तासांची सहा-सात चित्रं लागोपाठ चालवा. पिसांसारखे विरळ ढग बाहेर पसरत असतात, त्यांच्या मागे लागू नका. खालच्या छोट्या ढगांच्या रांगा घड्याळाच्या उलट दिशेने वळताना दिसतील. त्या ज्या बिंदूभोवती वळतात तेच केंद्र. दृश्य प्रकाशाचं चित्र यासाठी उत्तम: त्याची बारकाई 1 किलोमीटर, उष्णता टिपणाऱ्या रंगीत इन्फ्रारेड चित्राची 4. सकाळी ऊन तिरकं असताना सावल्यांमुळे ढगांची उंचीही कळते. रात्री खालचे ढग जवळपास समुद्राइतकेच उबदार असल्याने 10.8 मायक्रॉन तरंगलांबीच्या इन्फ्रारेड चित्रात मिसळून जातात. तेव्हा 3.9 आणि 10.8 मायक्रॉनच्या तापमानांतला फरक दाखवणारं चित्र उघडा.

वर दाट ढगांचं झाकण असेल तर इन्फ्रारेडशी झटत बसू नका. 89 गिगाहर्ट्झचं मायक्रोवेव्ह चित्र बघा. विरळ पिसारा त्यात आड येत नाही, पावसाचे वळणदार पट्टे दिसतात. पण अशी चित्रं घेणारे उपग्रह दिवसातून मोजक्याच वेळा वरून जातात, आणि तिरक्या नजरेमुळे उंच ढग 10 ते 20 किलोमीटर सरकलेले दिसतात. तेवढी सूट धरा.

तीव्रतेसाठी ड्वोरॅक पद्धत, म्हणजे ढगांच्या रचनेवरून वादळाला टी-क्रमांक देणं, तीही केंद्र पक्कं झाल्यावरच. टी 2.5 म्हणजे ताशी सुमारे 65 किलोमीटर वारा. तिथून चक्रीवादळ म्हणायचं.

शेवटी केंद्रं नकाशावर जोडा. वादळ ताशी 15 किलोमीटरने सरकत असताना अर्ध्या तासात तुमचं केंद्र 40 किलोमीटर उडालं, तर वादळ धावलेलं नाही. तो बिंदू खोडा आणि चित्रं पुन्हा चालवा.