फ्लोरिडात घरगुती वैद्यकीय उपकरणांच्या परवान्यातून सूट मिळते का, हे कसे तपासावे

अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात ऑक्सिजनची उपकरणे, व्हीलचेअर, रुग्णासाठीच्या खास खाटा यांसारख्या वस्तू लोकांच्या घरी विकत वा भाड्याने पुरवायच्या असतील, तर राज्याच्या ‘एजन्सी फॉर हेल्थ केअर ॲडमिनिस्ट्रेशन’चा परवाना लागतो. कोणाला तो लागत नाही, हे राज्याच्या कायद्यातील कलम ४००.९३ च्या पोटकलम ५ मध्ये दिलेले आहे. अनेक जण थेट त्या यादीत आपला व्यवसाय शोधतात आणि यादीच्या आधीचे वाक्य वाचायचे राहते; खरी मेख मात्र त्या वाक्यातच आहे.

प्रथम आपला व्यवहार मुळात या कायद्याखाली येतो का, ते पाहावे. अशा उपकरणांसाठी डॉक्टरांची ऑर्डर स्वीकारणारा, किंवा उपकरणे व त्यांसोबतची सेवा पुरवतो असे लोकांना सांगणारा, परवान्यास बांधील असतो. दुकान शेजारच्या राज्यात असून माल फ्लोरिडातील ग्राहकाकडे जात असेल, तरी सुटका नाही. कृत्रिम अवयव मात्र या व्याख्येत धरलेले नाहीत.

त्यानंतर यादीकडे वळावे. परवानाधारक रुग्णालये, नर्सिंग होम, हॉस्पिस (अखेरच्या टप्प्यातील रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्या संस्था), होम हेल्थ एजन्सी (घरी जाऊन शुश्रूषा पुरवणाऱ्या संस्था) आणि औषधदुकाने यांना सूट आहे. उत्पादक व घाऊक वितरकांना ती फक्त थेट ग्राहकाला विक्री करत नसतील तरच मिळते, आणि सहाय्यित निवासगृहांना केवळ आपल्याच निवाशांपुरती. डॉक्टर किंवा थेरपिस्ट उपचार करताना उपकरण वापरत असेल, पण रुग्णाला ते विकत वा भाड्याने देत नसेल, तर त्यालाही सूट आहे. येथे पैसे कशाचे घेतले, हे बिलावरून स्पष्ट दिसले पाहिजे.

आता यादीच्या आधीचे ते वाक्य. ग्राहकांच्या घरी उपकरणे विकत वा भाड्याने पुरवण्याचा व्यवसाय करणारी वेगळी कंपनी वा विभाग वरीलपैकी कोणाचाही असेल, तर सूट लागू होत नाही. त्यामुळे औषधदुकानाच्या मालकाने करसल्लागाराच्या सांगण्यावरून उपकरणांसाठी स्वतंत्र कंपनी नोंदवली, तर दुकानाला असलेल्या सवलतीवर विसंबून त्या कंपनीला काम करता येत नाही. कंपनी नोंदवण्यापूर्वीच हा प्रश्न वकिलासमोर ठेवावा, कारण विनापरवाना नुसती जाहिरात करणेही बेकायदेशीर आहे.

राज्याची सूट मिळाली म्हणून मेडिकेअरच्या, म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या केंद्रीय आरोग्य विम्याच्या, अटी सुटत नाहीत. मेडिकेअरकडे बिले पाठवायची असल्यास पुरवठादार म्हणून वेगळी नोंदणी करावी लागते, आणि सर्वसाधारणपणे मान्यताप्राप्त संस्थेचे प्रमाणन व ५०,००० डॉलरचा हमीरोखाही लागतो. औषधदुकानांना प्रमाणनातून निराळी केंद्रीय सूट आहे. तिच्या अटींपैकी एक अशी की मेडिकेअरच्या उपकरणांची बिले दुकानाच्या एकूण विक्रीच्या ५ टक्क्यांहून कमी असावीत. राज्याची आणि केंद्राची अशा या दोन सवलती एकच समजण्याची गल्लत सर्रास होते. शिवाय ऑक्सिजनच्या किरकोळ विक्रीचा परवाना राज्याचे दुसरेच खाते देते, त्याची चौकशी स्वतंत्रपणे करावी.

शंका उरल्यास एजन्सीला लेखी विचारावे आणि त्या पत्रात मालकी कोणाची, बिल कोणाच्या नावाने निघते, उपकरण घरी कोण पोहोचवते व बसवून देते, हे सारे नमूद करावे.