फ्रीलान्स डिझायनरने फसवणूक कशी टाळावी

कामाची व्याप्ती, दुरुस्त्यांच्या फेऱ्या, मुदत आणि मोबदला आधी लेखी ठरवून 30 ते 50 टक्के रक्कम आगाऊ घ्यावी. ‘अगोदर नमुना करून दाखवा’ म्हणणाऱ्याला जुनी कामे दाखवावीत; फुकट नमुना म्हणजे बहुधा फुकट कामच. सर्वांत घातक प्रकार जादा रकमेच्या धनादेशाचा: ग्राहक ठरल्याहून अधिक रकमेचा धनादेश पाठवतो, वरचे पैसे एखाद्या ‘छपाईवाल्या’ला तातडीने पाठवायला सांगतो, आणि आपण ते पाठवल्यावर काही दिवसांनी तो धनादेश खोटा ठरून परत येतो. खात्यात रक्कम दिसली म्हणजे धनादेश वटला असे नव्हे. मसुदे वॉटरमार्कसह (चित्रावर उमटवलेल्या फिकट नावासह किंवा खुणेसह), कमी रिझोल्यूशनमध्ये पाठवावेत. मूळ फाइल आणि वापराचे हक्क शेवटचा हप्ता मिळाल्यावरच द्यावेत, आणि ही अट करारातच लिहावी.