सवलतीतले सॉफ्टवेअर बंडल घेताना या चुका टाळा

दादरला आमचे अक्षरजुळणी आणि मांडणीचे छोटे कार्यालय आहे. काही वर्षांपूर्वी, दिवाळी अंकांची कामे सुरू होण्याच्या तोंडावर, मी दहा प्रोग्रामचे एक बंडल ४९ डॉलरला घेतले. दहांची सुटी किंमत जाहिरातीत ५०० डॉलरच्या वर दाखवली होती आणि ती बेरीज पाहूनच मी पैसे भरले. वर्षअखेरीस पाहिले तर दोनच प्रोग्राम वापरात होते, आणि तीन तर केवळ मॅकवर चालणारे असल्यामुळे आमच्या विंडोजच्या संगणकांवर कधी चढलेच नाहीत.

छापील किमतींची बेरीज म्हणजे आपली बचत, असे मानणे ही पहिली चूक. यादीतले जे प्रोग्राम आपण सुटे कधीच घेतले नसते त्यांच्यावर काट मारावी, उरलेल्यांची चाचणी आवृत्ती आठवडाभर वापरून पाहावी आणि मगच तुलना करावी. ती करताना डॉलरमधल्या किमतीवर बँक लावते ते परकीय चलनाचे शुल्क आणि १८ टक्के जीएसटी धरायला विसरू नये.

दुसरी चूक अटी न वाचण्याची आहे. बंडलमध्ये अनेकदा मागची आवृत्ती दिलेली असते, किंवा पुढच्या आवृत्तीसाठी जुन्या ग्राहकांना मिळणारी सवलत बंडलवाल्यांना लागू नसते. ‘आजीवन’ या शब्दाचा अर्थ बहुतेक वेळा त्या प्रोग्रामचे आयुष्य असा असतो, आपले नव्हे; कंपनी बंद पडली तर परवानाही निरुपयोगी होऊ शकतो. ‘की’, म्हणजे प्रोग्राम चालू करण्याचा परवाना-संकेतांक, नोंदवण्याची मुदतही अनेकदा ठरलेली असते, म्हणून खरेदीच्या दिवशीच सगळ्या की नोंदवून टाकाव्यात, आणि त्या कार्यालयाच्या सामाईक ईमेलवर नोंदवाव्यात. आमच्याकडे एका सहकाऱ्याच्या खासगी ईमेलवर नोंदणी झाली होती. तो नोकरी सोडून गेल्यावर नवा संगणक घेतला तेव्हा परवाना हलवता येईना. की चालत नसेल तर आधी आवृत्ती आणि संगणकप्रणाली जुळते का ते पाहावे, जुनी चाचणी आवृत्ती पूर्ण काढून पुन्हा प्रयत्न करावा, आणि तरीही अडले तर पावतीसह आधी बंडल विकणाऱ्याला लिहावे. प्रोग्राम बनवणाऱ्याकडे त्या विक्रीची नोंद असेलच असे नाही.

माझ्या मते सर्वांत मोठी चूक वेगळीच आहे: आपण दिलेल्या पैशांतून प्रोग्राम बनवणाऱ्याच्या हाती काय पडते, हे आपण विचारतच नाही. २००६ मध्ये मॅकहाइस्ट या मॅकवरच्या प्रोग्रामांची बंडले विकणाऱ्या उपक्रमाच्या बंडलवरून नेमका हाच वाद पेटला होता. बहुतेक विकासकांना विक्रीच्या प्रमाणात वाटा न मिळता ठरावीक रक्कम मिळाली, आणि विक्री वाढत गेली तसा वरचा नफा आयोजकांकडे गेला, अशी टीका तेव्हा झाली. उलट मे २०१० मधल्या पहिल्या हंबल इंडी बंडलमध्ये, म्हणजे छोट्या स्वतंत्र विकासकांच्या गेम्सच्या बंडलमध्ये, किंमत ग्राहकाने ठरवायची होती आणि त्यातले किती विकासकांना, किती धर्मादाय संस्थांना, हेही त्यानेच ठरवायचे होते. पुढे २०२१ मध्ये त्या कंपनीने आपला किमान वाटा निश्चित केला. पण वाटणी ग्राहकाला दिसावी, ही मूळ कल्पना मला आजही योग्य वाटते.

आणखी एक प्रत द्यायला विकासकाला जवळजवळ काहीच खर्च येत नाही आणि तो स्वखुशीने बंडलमध्ये येतो, असे म्हटले जाते, आणि ते खरेही आहे. मात्र प्रत फुकट पडली तरी मदत फुकट पडत नाही. हजारो नवे ग्राहक एका आठवड्यात येतात आणि त्यांच्या शंकांना उत्तरे देत एक-दोन माणसे महिनोन्महिने बसतात. शिवाय गेल्याच आठवड्यात पूर्ण किंमत मोजलेला ग्राहक दुखावतो, तो वेगळाच. म्हणून बंडलला मी अनैतिक म्हणणार नाही, पण वाटणी लपवणाऱ्या बंडलपासून मी दूर राहतो.

अतिस्वस्त सुट्या की म्हणजेही बंडलच, असा गोंधळ करू नये. विकासकाच्या संमतीने निघालेले बंडल आणि कुठल्यातरी संस्थेच्या सामूहिक परवान्यातून फुटलेली की, यांत मूलभूत फरक आहे. अशी की कधीही रद्द होऊ शकते. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या संगणक बाजारात संगणक जुळवून घेतानाही, आत टाकलेल्या प्रत्येक प्रोग्रामचा परवाना बिलावर लिहून मागावा. अनधिकृत प्रत जाणूनबुजून वापरल्यास कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६३ ब नुसार सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो.

त्या बंडलमधल्या दोन उपयोगी प्रोग्रामांपैकी एक पीडीएफची पाने छपाईसाठी जुळवणारा होता. त्याची पुढची आवृत्ती आली तेव्हा आम्ही ती विकासकाकडून थेट, पूर्ण किमतीला घेतली.