दवाखान्यात बोलणारा रोबो: नागपुरात राहून संशोधनात शिरायचं कसं

रुग्णाशी बोलणाऱ्या रोबोवर संशोधन करायचं ठरलं, की बरेच विद्यार्थी आधी त्याचं शरीर जमवू लागतात. चाकं, मोटर, हलणारी मान. तो खर्च सध्या थांबवा. काम अडतं ते कानापाशी. ओपीडीच्या गलक्यात एखाद्या आजीने "मले कालपासून चक्कर येऊन राह्यली" म्हटलं, तर यंत्राला ते कळलं का आणि कळल्यावर त्याने काय केलं, हे मोजून दाखवता आलं की पीएचडीच्या मुलाखतीत सांगण्यासारखं तुमच्याकडे काहीतरी असतं.

नागपुरात यासाठी लागणारं सगळं जवळ आहे. व्हीएनआयटी आणि ट्रिपल आयटी आहेत, मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालयं आणि मिहानमधलं एम्स आहे. शिवाय गडचिरोली, गोंदिया, छिंदवाडा, बालाघाटहून येणारे रुग्ण वऱ्हाडी, झाडीबोली, हिंदी, गोंडी बोलतात. बोलणं ऐकून लिहिणारी तयार मॉडेलं नेमकी इथेच चुकतात, म्हणून संशोधनाला जागाही इथेच आहे.

सामान थोडं पुरतं: ८ जीबीचा रास्पबेरी पाय ५ (तळहाताएवढा संगणक-बोर्ड), चार माइक एकत्र असलेला यूएसबी अॅरे, लहान स्पीकर आणि ५ व्होल्ट, ५ अँपिअरचा चार्जर. चार्जर कमी ताकदीचा घेतला तर भार वाढला की बोर्ड मंदावतो आणि दोष मॉडेलवर जातो. ध्वनी १६ किलोहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला १६,००० नमुने या वेगाने घ्या. फोन कॉलचं रेकॉर्डिंग सहसा ८ किलोहर्ट्झचं असतं, ते यात मिसळू नका. माइक तोंडाजवळ ठेवा: अंतर निम्मं केलं की आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो. म्हणजे १२० सेंटिमीटरवरचा माइक ३० वर आणला की १२ डेसिबल फुकट मिळतात.

एप्रिल-मेमध्ये कूलरची घरघर हा वेगळाच शत्रू. नुसत्या कूलरचं पाच मिनिटांचं रेकॉर्डिंग मॉडेलला द्या आणि काय लिहून येतं ते पाहा. व्हिस्परसारखी, बोलणं लिहून काढणारी मॉडेलं कोणी काही बोललेलं नसताना अख्खी वाक्यं तयार करतात. केसपेपरवर न सांगितलेली तक्रार उमटणं ही किरकोळ चूक नाही. म्हणून माणसाचा आवाज आहे की नाही हे ओळखणारी गाळणी आधी बसवा, मॉडेल नंतर.

स्वतःच्या नमुन्यासाठी २० बोलणारे, प्रत्येकी १५ मिनिटं, एकूण ५ तास पुरे. निम्मे साठीच्या पुढचे असू द्या. एका तासाचा ध्वनी ऐकून लिहायला सहा ते आठ तास धरा, आणि १० टक्के भाग दोघांकडून स्वतंत्रपणे लिहून घेऊन ताळा करा. चाचणीचे बोलणारे, मॉडेलला शिकवताना वापरलेल्यांपेक्षा वेगळे हवेत. एकच आवाज दोन्हीकडे गेला तर आकडे छान दिसतात, पण वॉर्डात कोसळतात. तुलनेला कॉमन व्हॉइस या खुल्या ध्वनिसंग्रहाचा मराठी संच आणि आयआयटी मद्रासच्या एआय४भारत या संशोधन गटाचा इंडिकव्हॉइसेस हा संच घ्या.

मोजताना मराठीची अडचण लक्षात ठेवा. 'गोळीनंतर' हे 'गोळी नंतर' असं तुटलं तरी शब्दांच्या हिशेबात चूक धरली जाते, म्हणून अक्षरांच्या चुकांचं प्रमाणही द्या. पण सरासरीपेक्षा महत्त्वाची आहे जोखमीच्या शब्दांची वेगळी यादी. 'दुखत नाही' मधला 'नाही' गळाला तर अर्थ उलटतो. 'दीड' आणि 'अडीच', 'पंचवीस' आणि 'पस्तीस' यांची अदलाबदल डोसवर जाते. अशा ५० शब्दांवर किती चुका झाल्या, याचा तक्ता स्वतंत्र करा. परीक्षक तोच आधी वाचतो.

संवादाचा वेग हा दुसरा खड्डा. माणसं एकमेकांशी बोलताना मधला खंड सरासरी २०० मिलिसेकंदांच्या आसपास असतो, पण आठवून सांगणारा म्हातारा माणूस दोन-दोन सेकंद थांबतो. अर्ध्या सेकंदाच्या शांततेवर रोबो बोलू लागला तर तो वाक्य तोडतो. थांबण्याची मर्यादा १.५ सेकंदांपासून सुरू करा आणि मध्ये "हं, सांगा" एवढंच म्हणू द्या. संबोधन 'तुम्ही'चंच ठेवा. "छातीत दुखतंय", "श्वास लागतोय" असं कानावर आलं की संवाद थांबवून परिचारिकेला बोलवायचं, आणि हा नियम कोडमध्ये पक्का लिहायचा. तो भाषा-मॉडेलच्या मर्जीवर सोडू नका. डोस सांगण्याचं काम रोबोला देऊच नका. सिकलसेलच्या मुलांना पाणी पिण्याची आठवण किंवा तपासणीआधीची माहिती विचारणं, इथून सुरुवात बरी.

रुग्णाचा आवाज घेण्याआधी रुग्णालयाच्या नीतिशास्त्र समितीची मंजुरी लागते. मुख्य संशोधक म्हणून तिथले डॉक्टर सोबत घ्या, आणि तीन-चार महिने हाताशी ठेवा. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ ची सर्वसाधारण आणि २०२३ ची एआयविषयक मार्गदर्शक तत्त्वं वाचूनच अर्ज लिहा. अर्ज परत येतात ते बहुतेक दोन कारणांनी: संमतिपत्र इंग्रजीवरून शब्दशः उतरवलेलं असतं, किंवा रेकॉर्डिंग कुठे, किती दिवस आणि कोणाच्या ताब्यात राहील हे लिहिलेलं नसतं. वाचता न येणाऱ्या रुग्णासाठी निःपक्ष साक्षीदाराची सही लागते. पडद्याआडून माणूसच रोबोच्या वतीने बोलणार असेल, तर तेही अर्जात सांगा आणि नंतर रुग्णालाही सांगा.

पुढच्या वाटा तुमच्या शिक्षणाप्रमाणे. अभियंत्यांना गेट, एमटेक, मग पीएचडी. एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांना आयसीएमआरची अल्पकालीन विद्यार्थी शिष्यवृत्ती. भाषाशास्त्र आणि मानसशास्त्रवाल्यांना नेट. या कामात त्यांची फार गरज आहे, कारण बोलीतले बारकावे अभियंत्याला ऐकू येत नाहीत. नेटमधून मिळणाऱ्या जेआरएफची (कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती) रक्कम १ जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षं दरमहा ३७,००० रुपये, नंतर ४२,००० आणि घरभाडं वेगळं. शोधनिबंध पाठवायला, बोलणं ओळखण्याच्या तंत्रासाठी इंटरस्पीच आणि माणूस-रोबो संवादासाठी एचआरआय या परिषदा.

मार्गदर्शकाला मेल करताना एकच पान जोडा: प्रश्न दोन ओळींत, जोखमीच्या शब्दांचा तक्ता, कूलर सुरू आणि बंद असतानाचे आकडे शेजारी शेजारी, आणि मंजुरी कुठवर आली ते. रेकॉर्डिंग मेलने पाठवू नका. संमतिपत्रात लिहिलेल्या ठिकाणाबाहेर ते जाता कामा नये.