सूनबाईची अमेरिकन नागरिकत्वाची मुलाखत आणि आमची नागपुरातली तयारी

प्रतापनगरातल्या आमच्या गल्लीत दर दुसऱ्या घरचं कुणी ना कुणी अमेरिकेत आहे. मी शाळेत इतिहास-नागरिकशास्त्र शिकवायची. मागच्या हिवाळ्यात सूनबाई महिनाभर आली होती, तेव्हा तिच्या मुलाखतीची तयारी मीच करून घेतली. ती पास झाल्याचं कळल्यापासून "काकू, आमच्या पोरीलाही जरा सांगा ना" म्हणत तिघीचौघी येऊन गेल्या. दर वेळी तेच सांगून राहिली आहे, म्हणून आता लिहूनच ठेवते.

नियम आधी उरकते. जोडीदार अमेरिकन नागरिक असेल आणि दोघं एकत्र नांदत असतील, तर ग्रीन कार्ड मिळाल्यावर ५ ऐवजी ३ वर्षांनी अर्ज करता येतो, आणि तोही मुदतीच्या ९० दिवस आधी भरता येतो. अर्जाचं नाव एन-४००. ऑनलाइन भरला तर ७१० डॉलर, कागदावर ७६०. त्या ३ वर्षांतले निदान १८ महिने प्रत्यक्ष अमेरिकेत काढलेले हवेत. पुढे बोटांचे ठसे, आणि मग मुलाखतीचं पत्र.

पत्र आलं की सगळ्या पोरी अमेरिकेच्या इतिहास-नागरिकशास्त्राच्या प्रश्नांच्या मागे लागतात. आमचीही आली तीच मोबाइलवर घोकत. मी म्हटलं, ते राहू दे, तू भरलेला अर्ज दाखव. मुलाखतीतला मोठा भाग त्या अर्जावरच असतो. अधिकारी उजवा हात वर करायला लावून खरं बोलण्याची शपथ देतो आणि अर्जातलं एकेक विचारत जातो. इंग्रजी बोलता येतं की नाही, हेही तो त्यातूनच जोखतो. आम्ही चार संध्याकाळी गच्चीवर अर्ज वाचला, आणि त्यात तीन भोकं सापडली.

पहिलं नावाचं. आपल्याकडे लग्नाआधी मधलं नाव वडिलांचं, नंतर नवऱ्याचं, आणि आडनावही बदलतं. म्हणजे एकाच बाईची दोन पूर्ण नावं झाली. शिवाय दहावीच्या सर्टिफिकेटवर आडनाव आधी, आणि स्पेलिंगमध्ये एक 'ए' जास्त. अर्जात आजवर वापरलेली सगळी नावं विचारतात. तिने फक्त माहेरचं आडनाव लिहिलं होतं. जन्मदाखला, मार्कशीट, जुना पासपोर्ट, लग्नाचं सर्टिफिकेट ओळीने मांडा आणि प्रत्येकावरचं नाव जसंच्या तसं उतरवून घ्या.

दुसरं प्रवासाचं. अमेरिकेबाहेरच्या २४ तासांच्या वरच्या फेऱ्या तारखेनिशी द्याव्या लागतात. विहीणबाईंच्या गुडघ्याच्या ऑपरेशनच्या वेळी ती बरेच दिवस इथे राहिली होती. अर्जात तिने अंदाजाने "तीनेक महिने" धरून तारखा टाकल्या होत्या. पासपोर्टवरचा शिक्का इतका पुसट, की आकडा ३ की ८ तेच कळेना. मी स्वयंपाकघरातल्या फळीवरून २०२३ आणि २०२४ चं कालनिर्णय काढलं. मी दुधाचा हिशेब त्यावरच लिहिते. ९ नोव्हेंबर, वसुबारस, चौकोनात माझ्याच अक्षरात "सू. आली, दूध दीड लि." आणि २ एप्रिलला "दूध १ लि. पासून". तिकिटाच्या मेलशी ताडून पाहिलं. तिथून निघाली ७ नोव्हेंबरला, परत पोचली ३ एप्रिलला. चांगले १४८ दिवस! लक्षात ठेवा, अर्जात तिथून निघाल्याची आणि तिथे पोचल्याची तारीख लागते, आपल्याकडे बॅगा उघडल्याची नाही.

१४८ दिवस चालून गेले. मुक्काम सहा महिन्यांच्या वर गेला असता, तर तिथला सलग रहिवास तुटला असं धरलं जातं आणि तो तुटला नाही हे आपल्याला सिद्ध करावं लागतं. पूर्ण वर्ष झालं की तो तुटलाच. तेव्हा बाळंतपणाला, आजारपणाला पोरगी येणार असेल, तर "राहा की अजून एक महिना" म्हणण्याआधी आयांनी दिवस मोजावेत. मी स्वतः म्हटलं होतं, म्हणून सांगते.

तिसरं भोक तिच्या माहेरी सापडलं. तिळगूळ घ्यायला गेलो होतो. शोकेसमध्ये तिचा कॉलेजातला एनसीसीच्या वर्दीतला फोटो, हातात रायफल! अर्जात एक प्रश्न आहे, शस्त्राचं किंवा लष्करी स्वरूपाचं प्रशिक्षण कधी घेतलंय का? हिने ठोकून दिलं होतं, नाही. म्हणे, "आई, ती काय मिलिटरी होती का? कॅम्पमध्ये पॉइंट टू-टूच्या चार गोळ्या तर मारल्या." चार मारल्या, मग मारल्या. एनसीसी करणं हा गुन्हा नाही, पण शपथेवर खोटं सांगणं अंगाशी येतं. तिच्या वकिलानेही तेच सांगितलं, मुलाखतीत आपणहून दुरुस्ती कर. अमेरिकेत कधी मतदान केलं का, स्वतःला अमेरिकन नागरिक म्हणवलं का, कम्युनिस्ट पक्षाशी संबंध होता का, कधी अटक झाली का, असे प्रश्नही या यादीत आहेत. त्यांचं इंग्रजी कायद्याच्या भाषेतलं असतं. "टोटॅलिटेरियन" म्हणजे काय, असं अधिकाऱ्याने उलट विचारलं तर दोन सोप्या शब्दांत सांगता आलं पाहिजे. नुसतं नो-नो-नो म्हणत गेलात तर तो मध्येच थांबवून अर्थ विचारू शकतो.

आता ते प्रश्न. २० ऑक्टोबर २०२५ पासून भरलेल्या अर्जांना नवी परीक्षा आहे. यादीत १२८ प्रश्न, त्यातले जास्तीत जास्त २० विचारतात, १२ बरोबर आले की थांबतात. आधीच्या अर्जांना १०० ची यादी, १० प्रश्न, ६ बरोबर. पोरगी कुठल्या यादीची आहे ते आधी बघा. आमच्या शेजारणीची लेक जुनं पुस्तक पाठ करत बसली होती.

घोकंपट्टी करू नका, आपल्या घटनेशी जोडून बघा. त्यांच्या प्रतिनिधिगृहात ४३५ सदस्य, आपल्या लोकसभेत ५४३. आकडे तेच, फिरवलेले. सिनेटरची मुदत ६ वर्षं, आपल्या राज्यसभेसारखीच. फरक कुठे, तर राज्यसभेत महाराष्ट्राचे १९ आणि सिक्कीमचा १, तिकडे राज्य लहान असो की मोठं, सिनेटर दोनच. हा फरक कळला की "प्रत्येक राज्याला दोन सिनेटर का" याचं उत्तर पाठ करावं लागत नाही. प्रतिनिधींची मुदत फक्त २ वर्षं का, असाही प्रश्न आहे. उत्तर, त्यांनी लोकांच्या मताच्या जवळ राहावं म्हणून. आणि त्यांच्या घटनेतल्या "वी द पीपल" म्हणजे काय हे विचारलं, तर "आम्ही भारताचे लोक" आठवायचं. सत्ता लोकांची, एवढंच. गव्हर्नर, सिनेटर यांची नावं मात्र मुलाखतीच्या आठवड्यात पुन्हा तपासा, ती बदलत असतात.

वाचायला आणि लिहायला तीन-तीन वाक्यं असतात, प्रत्येकी एक जमलं की झालं. आपल्या पोरींना ते जड नाही. फक्त फेब्रुवारीचं स्पेलिंग दहादा लिहून घ्या.

मुलाखतीला न्यायची पिशवी: पत्र, ग्रीन कार्ड, नवे-जुने सगळे पासपोर्ट, लग्नाचं सर्टिफिकेट, नवऱ्याच्या नागरिकत्वाचा पुरावा, तीन वर्षांचे टॅक्सचे कागद, जॉइंट खात्याची स्टेटमेंट, घराचा करार. आधी लग्न झालेलं असेल तर घटस्फोटाचा हुकूमही. नवऱ्याला आत बोलावतीलच असं नाही, पण सोबत असू द्या. आमचा पोरगा बाहेर बसून घामाघूम, आणि इकडे हे संध्याकाळी साडेसहापासून फोन हातात धरून.

तिने सुरुवातीलाच सांगितलं, तीन दुरुस्त्या आहेत. अधिकारी बाईंनी त्या लिहून घेतल्या, १४८ दिवस कशासाठी तेवढं विचारलं, हिने विहीणबाईंचं डिस्चार्ज कार्ड पुढे केलं. एनसीसीवर दोन प्रश्न झाले. मग १३ प्रश्नांत १२ बरोबर. चुकलं कुठे, तर ४३५! घाईत ५४३ म्हणाली. माझीच क्लृप्ती.

नापास झालं तरी जीव जाळू नका. जेवढा भाग राहिला, तेवढ्यासाठी ६० ते ९० दिवसांत पुन्हा बोलावतात. आणि पास झालं तरी पेढे वाटू नका, शपथविधी होईपर्यंत नागरिकत्व नाही. शपथेला ग्रीन कार्ड परत घेतात.

शपथ झाली की आपल्या १९५५ च्या कायद्यातल्या कलम ९ प्रमाणे भारतीय नागरिकत्व संपतं. त्यानंतर भारतीय पासपोर्टवर प्रवास करायचा नाही, दंड बसतो. पासपोर्ट जमा करून त्याचं सर्टिफिकेट घ्यायचं, मग ओसीआयचा, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणाऱ्या कार्डाचा अर्ज. ओसीआयवर शेतजमीन विकत घेता येत नाही, वारशाने मिळू शकते. हिच्या वडिलांचा काटोलला संत्र्याचा बगीचा आहे, म्हणून हे आम्ही आधीच विचारून घेतलं.

इथल्या मतदार यादीतलं नाव काढायचं मात्र बहुतेक लोक विसरतात. त्यासाठी फॉर्म ७ असतो, आमच्या भागातल्या बीएलओ, म्हणजे मतदार यादीचं काम बघणाऱ्या बाईंनी आणून दिला. तिच्या लग्नानंतर तिचं नाव आमच्या पत्त्यावर मीच चढवलं होतं. कारणांच्या यादीत "भारतीय नागरिक नाही" असा एक पर्याय आहे. खूण मीच केली.