गोव्यात जुनी छोटी गाडी घेताना आणि दुरुस्त करताना या चुका टाळा

जुनी गाडी पाहायला गेलेल्या माणसाची नजर सर्वांत आधी किलोमीटरच्या आकड्यावर जाते. दहा वर्षांत जेमतेम तीस-पस्तीस हजार किलोमीटर चाललेली हॅचबॅक दिसली की व्यवहार तिथेच अर्धा झालेला असतो. गोव्यात मात्र या आकड्यापेक्षा गाडीने आपले पावसाळे कुठे काढले, हे विचारणे अधिक शहाणपणाचे ठरते. बायण्याला समुद्रासमोर उघड्यावर उभी राहिलेली, क्वचितच चाललेली गाडी आणि वाळपईला शेडखाली राहून रोज फोंड्यापर्यंत ये-जा करणारी गाडी, यांतून एक निवडायची झाली तर मी दुसरी निवडीन. खाऱ्या वाऱ्यातले मीठ पत्र्याच्या सांध्यांत बसते आणि ओल धरून ठेवते, त्यामुळे वरून कोरडा दिसणारा भागही आतून गंजत राहतो. शिवाय बाजारापर्यंत जाऊन परत येणाऱ्या गाडीचा सायलेन्सर पुरेसा तापत नाही, त्यात साचलेले पाणी वाफ होऊन बाहेर पडत नाही आणि तो आतूनच कुजतो.

म्हणून गाडी वरून पाहून विकत घेणे ही पहिली मोठी चूक आहे. ती रॅम्पवर चढवून दरवाज्यांखालची कड, पुढच्या सस्पेन्शनचे वरचे टोक जिथे बसते तो पत्रा, ब्रेकच्या धातूच्या नळ्या आणि स्टेपनीचा खड्डा हे सारे टॉर्च लावून पाहावे. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने हलके ठोकल्यावर चांगला पत्रा खणखणीत वाजतो, सडलेला बद्द वाजतो. खालून नुकताच काळा अंडरकोट मारलेला असेल तर आनंदून न जाता तो विक्रीच्या आठवड्यातच का मारला, हे विचारावे. बोल्टवरचा वरवरचा तांबूस थर गोव्यात प्रत्येक गाडीवर असतो आणि तो सोडून देता येतो. सायलेन्सर किंवा ब्रेकची नळी बदलण्याचा खर्चही आधी सांगता येतो. पण सांगाड्याचा पत्रा खाल्ला गेला असेल तर जितके कापावे तितके आत आणखी सापडते, आणि अशा गाडीची किंमत कितीही कमी केली तरी ती घेऊ नये.

गाडी पूर्वी रेंट-अ-कॅब म्हणून, म्हणजे स्वतः चालवायला भाड्याने, दिली जात होती का, हेही पाहावे. अशा गाड्यांच्या काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असतात, पण खासगी नोंदणी झाल्यावर पाटी बदलते. जुन्या विमा पॉलिसी मागितल्या की खरा इतिहास समोर येतो. पुराच्या पाण्यात बुडालेली गाडी ओळखण्यासाठी सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा. सीटची कव्हरे नवी घालता येतात, बेल्टच्या आतल्या भागावरची चिखलाची रेघ मात्र बहुधा धुवायची राहून जाते.

दुरुस्तीतला सर्वांत अधिक पैसा गोव्यात वाया जातो तो विजेच्या बिघाडांवर. माझ्याच नऊ वर्षांच्या हॅचबॅकचे दिवे एका जुलैत मंदावू लागले आणि स्टार्टर कण्हू लागला. गॅरेजमध्ये आधी बॅटरी बदलली, पंधरा दिवसांनी बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर बदलला, आणि दोष होता तसाच राहिला. शेवटी गिअरबॉक्सपासून बॉडीपर्यंत जाणारी, वीज बॅटरीकडे परत नेणारी अर्थिंगची वायर आवरणाखाली हिरवी पडून झिजलेली निघाली. ती काही शे रुपयांत बदलली गेली. हे आधी कळणे अवघड नव्हते. मल्टिमीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण टर्मिनलवर आणि दुसरे इंजिनच्या उघड्या धातूवर ठेवून स्टार्टर मारावा. काटा अर्ध्या व्होल्टच्या पुढे गेला तर दोष अर्थिंगमध्ये आहे. इंजिन चालू असताना बॅटरीच्या दोन टर्मिनलांमध्ये साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट मिळत असतील, तर बहुतेक जुन्या गाड्यांत अल्टरनेटरला हात लावण्याचे कारण उरत नाही. मोजमाप न करता भाग बदलणारा मेकॅनिक प्रामाणिक असू शकतो, पण त्याच्या अंदाजाचे पैसे आपणच भरतो.

गाडी तापते या तक्रारीवर थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, काढून टाकण्याचा उपाय आजही अनेक ठिकाणी केला जातो, आणि तो चुकीचा आहे. थर्मोस्टॅटशिवाय इंजिन योग्य तापमानाला उशिरा पोहोचते, गाडीतला संगणक त्याला थंड समजून अधिक पेट्रोल सोडतो आणि मायलेज घटते. मूळ दोष तसाच झाकला जातो. गाडी पणजीच्या गर्दीत तापते पण मोकळ्या रस्त्यावर थंड होते, तर संशय पंख्यावर, त्याच्या रिलेवर किंवा सेन्सरवर घ्यावा. उलट चोर्ला घाट चढताना किंवा वेगातच तापत असेल, तर रेडिएटर तुंबलेला असणे किंवा कूलंट कमी असणे अधिक संभवनीय असते. विहिरीचे पाणी ओतत राहिल्याने आतले अॅल्युमिनियम खाल्ले जाते, म्हणून तयार कूलंटच वापरावा. तापमानाचा काटा चढू लागला की एसी बंद करून हीटर पूर्ण सोडावा, सुरक्षित जागी थांबावे, आणि गरम रेडिएटरचे झाकण कोणत्याही परिस्थितीत उघडू नये.

आवाजांवरून बरेच कळते. वळताना टक्-टक् वाजले तर चाकाला फिरवणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टचा बाहेरचा सांधा, वेगाबरोबर वाढणारी आणि वळणावर बदलणारी घरघर असेल तर व्हील बेअरिंग, आणि छोट्या खड्ड्यांवर खडखड झाली तर सस्पेन्शनमधले छोटे भाग, म्हणजे लिंक रॉड किंवा रबरी बुश, आधी तपासावेत. सस्पेन्शनचा पूर्ण संच बदलण्याचा सल्ला त्यानंतर ऐकावा.

इंजिनातल्या व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनशी जुळवून ठेवणारा टायमिंग बेल्ट आहे की चेन, हा प्रश्न खरेदीच्या वेळी फार थोडे लोक विचारतात. मारुती ८०० किंवा पहिल्या पिढीची सँट्रो यांत रबरी बेल्ट असतो. तो किलोमीटर न चालताही वयाने जुना होतो, आणि काही इंजिनांत तुटला तर व्हॉल्व्ह वाकतात. बेल्ट बदलल्याची पावती नसेल तर तो बदललेला नाही असे धरून तेवढी रक्कम किमतीतून वजा करावी.

पावसात रस्त्यावरच्या पाण्यात इंजिन बंद पडले तर पुन्हा स्टार्टर मारण्याचा मोह आवरावा. सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी दाबले जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि टोइंगच्या खर्चात निभावणारी गोष्ट इंजिन उघडण्यावर जाते. साध्या सर्वसमावेशक विम्यात हे नुकसान बहुधा नाकारले जाते. त्यासाठी इंजिन संरक्षणाचे वेगळे कलम घ्यावे लागते. जुन्या गाडीसाठी विमा कंपनी ते देईल की नाही, हे मे महिन्यातच विचारून घ्यावे.