भिंतीतल्या वडाचं बोन्साय

बडोद्याच्या नावातच वड आहे, आणि इथल्या जुन्या घरांच्या भिंतींतही. पक्षी वडाची फळं खातात, विष्ठेतून बी विटांच्या फटीत पडतं आणि पावसाळ्यात रोप वर येतं. दांडिया बाजारात एखाद्या घराची डागडुजी निघाली की अशी रोपं उपटून कचऱ्यात जातात. बोन्साय करायचं असेल तर त्यांतलं एक मागून घ्या.

बियांपासूनही करता येतं. पिकलेली लाल फळं पाण्यात कुस्करून तळाशी बसलेलं बी ओल्या कोकोपीटवर पसरायचं. वर माती टाकू नका, त्याला उगवायला उजेड लागतो. पण खोड जाड व्हायला बरीच वर्षं जातात.

रोप काढायचं ते दोन-तीन चांगले पाऊस होऊन भिंत भिजल्यावर. ओढू नका. स्क्रू-ड्रायव्हरने सांध्यातला चुना कोरत मूळ मोकळं करा. आमच्या गच्चीच्या कठड्यातून काढलेल्या रोपाचं मूळ विटांमध्ये दबून पट्टीसारखं चपटं झालं होतं. कुंडीत मावेना म्हणून कापणार होते, पण हात आवरला. आज तेच मूळ दगडाला मिठी मारून बसलंय आणि झाडाची सगळी शोभा त्यातच आहे. मूळ तुटलंच तर त्या मानाने पानंही कमी करा. चीक अंगाला खाजतो, हात लगेच धुवा.

आता सगळ्यांची घाई होते ती इथे: रोप थेट उथळ ट्रेमध्ये लावतात. तसं केलं की खोड काडीसारखंच राहतं. आधी बारा इंची कुंडी द्या. बागेची माती, विटांचा चुरा आणि भरड वाळू सारख्या प्रमाणात, वर ओंजळभर कुजलेलं शेणखत. पंधरा दिवस सावलीत ठेवा, मग उन्हात. दोन-तीन वर्षं फांद्या मोकळ्या वाढू द्या, खोड त्यानेच भरतं.

ट्रेमध्ये हलवायचं तेही पावसाच्या तोंडाशीच. एक तृतीयांश मुळं छाटा. फांद्यांना ॲल्युमिनियमची तार गुंडाळा, पण दर पंधरवड्याला बघा. वड पावसाळ्यात झपाट्याने फुगतो आणि तार सालीत रुतते. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो, तेव्हा दोन वेळा पाणी आणि दुपारी हिरवी जाळी हवीच.

वडाचं पान मोठं, म्हणून झाड दोन फुटांचं ठेवा, वीतभर उंचीवर ते शोभत नाही. पानं लहान हवीत तर पावसाळ्याच्या सुरुवातीला देठ ठेवून सगळी कापा. मात्र झाड तब्येतीत असेल तरच, आणि मुळं छाटली त्या वर्षी नाही.

दमट हवेत पारंब्या फुटतात. कोवळी पारंबी उभ्या चिरलेल्या स्ट्रॉमध्ये ओल्या शेवाळासोबत घालून मातीपर्यंत न्या. ती रुजली की स्ट्रॉ काढा.

वटपौर्णिमेला आम्ही बाजारातून तोडलेली फांदी आणत नाही, याच झाडाला सूत गुंडाळतो. दुसऱ्या दिवशी ते आठवणीने सोडते, कारण तारेसारखंच सूतही सालीत रुततं.